उशांचे आकडे सगळ्यांना खुले

[फिल्टर: काहीही न गाळता]

आमच्या उशांच्या कारखान्यातली माहिती सगळ्यांना खुली करायची, ही कल्पना माझी. कोणी विचारलं नसलं तरी सांगतो. आधी कुठली उशी कुठे गेली हे फक्त माझ्या संगणकाला माहीत असायचं आणि अख्खी कंपनी माझ्या टेबलाशी ताटकळायची. मालक म्हणजे माझे सासरे. त्यांना म्हटलं, भिंतीवर एक मोठी स्क्रीन लावू, तीच सगळ्यांच्या फोनवर देऊ. ज्याला जे बघायचंय त्याने फिल्टर लावून बघावं. आकडे स्वतःच बोलतील! सासऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला होकार मानायला मी लग्नानंतर शिकलोय.

एक बारीकशी गोष्ट राहून गेली. एकाने लावलेला फिल्टर सगळ्यांच्याच स्क्रीनवर लागत होता. कुठला लागलाय हे कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत दिसायचं.

[फिल्टर: फक्त बायको]

ती लहान मुलांच्या उशांचा विभाग बघते. तो चालत नाही, असं तिच्या वडिलांचं मत. ठेवायचा की बंद करायचा, हे बैठकीत आकडे बघून ठरणार होतं. तिच्या हाताखालच्या शिवणाऱ्या बायकांनी "आमचं काय?" असं विचारणंही सोडलं होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. तुझी स्क्रीन खरं सांगते ना, एवढंच तिने मला विचारलं. मी म्हटलं, स्क्रीनला बाप-लेक कळत नाही.

[फिल्टर: फक्त मेहुणा]

विक्री सांभाळतो. बैठकीआधी सहज "परत आलेला माल" दाबलं आणि विसरला. बास, याचं एवढंच.

[फिल्टर: बैठक]

स्क्रीन उजळली. मुलांच्या उशांचा खांब थेट छताला! बाकीचे खांब त्याच्या पाया पडायला आल्यासारखे. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. बायकोचे डोळे भरले. मला तर स्वतःच्याच स्क्रीनला नमस्कार करावासा वाटला.

मग एकेकाचा अंगठा फोनवर थांबला. कोपऱ्यातली मुंगी एकेकाला चावत गेली.

"भावोजी," मेहुणा माझ्या कानात म्हणाला, "या परत आलेल्या आहेत."

तोवर बायकोनेही फोन पाहिला होता. उशीतला कापूस काढून घ्यावा तसा तिचा चेहरा झाला.

मला ते बघवेना. टेबलाखाली फोन धरून मी गुपचूप फिल्टर बदलला. घाईत "आजचा दिवस" लागला. दुकानं अजून उघडायची होती. अख्खी कंपनी भुईसपाट! खरेदीवाल्याने कापूस थांबवायला फोन लावला. मी पुन्हा दाबलं, तर "सगळी वर्षं". खांब भिंतीत मावेनात. खरेदीवाल्याने त्याच फोनवर दुप्पट कापूस सांगितला. सगळे माना वर करून बघत होते, जणू ग्रहण लागून सुटत होतं.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "हात टेबलावर घ्या."

[फिल्टर: परत आलेला माल]

तो त्यांनी स्वतःच्या फोनवरून पुन्हा लावला. मालकालाही मीच सगळं खुलं करून दिलं होतं ना! खांबावर बोट ठेवलं, तशी गिऱ्हाइकांनी लिहिलेली कारणं उघडली. कारणं लिहायची सोय मीच केली होती. ती वाचली मात्र कधीच नव्हती. सासरे चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागले.

मुलीसाठी घेतली, नवरा सोडत नाही, मोठी पाठवा.

मान दुखायची थांबली, पण कान बाहेर राहतात.

सासूबाईंनी बळकावली, आता त्यांच्या मापाची मिळेल का?

एकामागून एक, संपेनातच. न पाहिलेल्या घरांतली माणसं आपापल्या अंथरुणांतून आमच्याशी बोलत होती. खरेदीवाल्याने फोन खाली ठेवला.

"आयुष्यभर उशा विकल्या," सासरे म्हणाले, "डोकी काय म्हणतात ते आज कळलं." मग लेकीकडे वळले. "हीच उशी मोठ्यांच्या मापात कधी देतेस?"

"बाबा, बायकांना सांगून येते," म्हणत ती धावत सुटलीसुद्धा.

मी जरा छाती पुढे काढली. विचारलं, मग ही स्क्रीन सगळ्यांकडे राहू द्यायची ना?

"राहू दे की, सगळ्यांकडे राहू दे," सासरे म्हणाले. "जावईबापूंच्या फोनवरून तेवढी काढा."

ती काढायची कशी, हे अख्ख्या कंपनीत एकट्या मलाच येत होतं. बसलो आणि काढली.