सासूबाईंच्या कढईचा तळ

पाणी.

"पाच मिनिटांनी गॅस बंद करा, एवढंच," असं बजावून सासूबाई बाजारात गेल्या आणि जावईबापूंना पेशंटचा फोन आला. जावईबापू दातांचे डॉक्टर. पेशंटची दाढ ठणकत होती. ती शांत होईपर्यंत इकडे कढईतल्या बटाट्यांचा कोळसा झाला.

बटाट्यांचं काय, पुन्हा आणता आले असते. पण कढई सासूबाईंच्या माहेरची, आईनं लग्नात दिलेली. पोटच्या मुलीलाही तिला हात लावायची मुभा नव्हती. त्यात घर सासूबाईंचं, आणि पुढच्या खोलीत दवाखाना थाटू द्यायचा की नाही, हे त्या आजच सांगणार होत्या.

डॉक्टरांनी कढईत पाणी ओतलं. कढई चर्रर्र करून ओरडली. कोळसा जागचा हलला नाही.

मीठ.

"मीठ टाकून घास," बायको ऑफिसातून फोनवर कुजबुजली. "आणि मला यात ओढू नकोस."

"तुझीच आई आहे ना?"

"म्हणूनच सांगतेय!"

मीठ झोंबलं, पण कढईला नव्हे. डॉक्टरांच्या बोटावरच्या चिरेला.

सोडा. त्यावर व्हिनेगर.

फस्सकन फेस उसळला, ओट्यावरून खाली आला, डॉक्टरांच्या चपलेत शिरला. पण कोळसा सुटला. कढईत चेहरा दिसू लागला, तोही हसरा.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण आतून आरसा आणि बाहेरून वर्षानुवर्षांचं तेलकट काळं पुट, असा प्रकार पाहिला की आंधळ्यालाही संशय आला असता. बाहेरची बाजूही घासणं भाग होतं. तिथे सोडा थकला, व्हिनेगर संपलं, लिंबानं हात टेकले. शेवटी डॉक्टरांनी बॅगेतून दातांवरचं किटण काढायचं हत्यार आणलं.

"जरा आ करा," ते सवयीनं कढईला म्हणाले.

मग मात्र त्यांचा हात बसला. पापुद्र्यामागून पापुद्रा निघाला, तळ उजळला आणि त्यावर कोरलेलं नाव वर आलं. नाव सासूबाईंचं नव्हतं. त्यांच्या आईचंही नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं होतं, आडनावासकट.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी आधी कढई पाहिली, मग तळ.

"हे काय करून ठेवलंत?"

"घासली. माहेरची म्हणून जरा मनापासून."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "पाहुणे आले होते हो एकदा. एका दिवसापुरती आणली. मग द्यायची राहिली. मग द्यायची लाज वाटली. मग सवय झाली."

"आणि माहेर?"

"ते मुलीनं विचारलं, तेव्हा तोंडून निघून गेलं."

दाराची बेल वाजली. काकूच होत्या.

"माई, जळका वास येतोय! सगळं ठीक ना?"

कढई डॉक्टरांच्याच हातात होती. त्यांनी तोंड उघडलं.

"पुढची खोली तुमची!" सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "उद्याच दवाखाना लावा."

डॉक्टरांनी तोंड मिटलं आणि कढईचा तळ पोटाशी धरला. इतकी वर्षं लोकांना तोंडं उघडायला लावून जे जमलं नव्हतं, ते एकदा स्वतःचं मिटल्यावर जमलं.

"अय्या, काय लखलखतेय!" काकू हरखल्या. "कशानं घासली?"

खोली मिळाल्यामुळे डॉक्टरांना चेव चढला होता. "मीठ, सोडा, व्हिनेगर आणि हे हत्यार! काकू, तुमचीही काळी भांडी द्या ना. तळाचं अक्षर न् अक्षर वाचता येईल असं करून देतो."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

"नको, नको! आमची आपली काळीच बरी," असं पुटपुटत त्या जिन्यावरून उतरल्यासुद्धा. गुडघेदुखीच्या बाईला इतक्या चपळाईनं उतरताना कुणी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचे डोळे बारीक झाले.

"जावईबापू, माझं दुधाचं मोठं पातेलं कधीपासून सापडत नाहीये."

"बरं?"

"बॅग घ्या. खाली जाऊ. दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवायची म्हणजे काय!" सासूबाई तरातरा उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण आधी या कढईला बाहेरून तेल फासा आणि मोठ्या आचेवर ठेवा. पहिल्यासारखी काळी झाली की निघू."