स्मिल्येच्या तेलातलं बुटकं शिखर

हर्झेगोविनाच्या कातळटेकड्यांवर स्मिल्ये नावाचं पिवळं रानफूल उगवतं. त्याच्या तेलाच्या शुद्धतेची जबाबदारी शासनाने सुगंधी तेल तपासणी केंद्राकडे सोपवली होती. फुलाकडे ती सोपवता आली नाही, कारण फुलाकडे आवश्यक ती शैक्षणिक अर्हता नव्हती. केंद्रात एक यंत्र होतं. ते तेलातले घटक वेगळे करून पडद्यावर प्रत्येकाचं एकेक शिखर काढायचं. ही शिखरं काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या मानक नमुन्याच्या शिखरांशी जुळली, की तेल शुद्ध. न जुळल्यास ते भेसळयुक्त, आणि भेसळयुक्त तेल नियमानुसार पंचांसमक्ष ओतून नष्ट करायचं.

यंदा आंजाकाकूंचं तेल भेसळयुक्त निघालं.

यंत्रासमोर बसलेल्या डॉ. दानिराला हे पटेना. आंजाकाकू उन्हाळाभर विळा घेऊन कातळावर ओणव्या राहणाऱ्या विधवा बाई. त्यांच्या तेलाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती, आणि वर्षाची सगळी कमाई त्या एका पिंपात होती. दानिराने नमुना पुन्हा घातला. सगळी शिखरं जागच्या जागी होती. फक्त सुरुवातीचं, प्रत्येक शुद्ध तेलात हटकून दिसणारं बुटकं शिखर गायब होतं. केंद्राच्या भाषेत त्याला 'प्रादेशिक वैशिष्ट्यपूर्ण घटक' म्हणत. त्यावर एक पीएचडीही झाली होती.

तिने काकूंना बोलावून घेतलं.

"काकू, यंदा काही वेगळं केलंत का?"

"मी? तूच करायला लावलंस की!" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "एप्रिलात आली होतीस ना गावात, स्वच्छता शिकवायला? बाटल्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा म्हणालीस. धुतल्या."

"आणि आधी कशाने धुवायचात?"

"लोझाने. आणखी कशाने धुणार? आमच्या सासूबाई लोझाने विसळायच्या, त्यांची सासूही तेच करायची. द्राक्षाच्या दारूपुढे कुठला जंतू टिकतो गं? तळाला राहते थोडी, राहू द्यायची. फेकली तर पाप लागतं."

या मुलुखात जखम, दाढ, खिडकीची काच आणि सर्दी झालेल्या पोराची छाती, सगळं लोझानेच साफ होतं. मग बाटलीनेच काय पाप केलं होतं? दानिराने कपाट उघडून मानक नमुन्याचं बूच काढलं आणि हुंगलं, तर लोझाचाच वास. बाटलीच्या काचेवर द्राक्षाच्या घडाची नक्षी होती. इतकी वर्षं सगळे जण ती शोभेची समजत होते.

ती तडक संचालक क्रेशिमिर यांच्या खोलीत गेली. "साहेब, आपलं मानक चुकलंय. त्यात दारू आहे."

"मानक चुकत नसतं, डॉक्टर," संचालक शांतपणे म्हणाले. "जे मानकाशी जुळत नाही, ते चुकतं."

"म्हणून चांगलं तेल ओतून टाकायचं?"

"बरं, बदलू मानक. मग आजवर आपण शुद्ध ठरवलेलं सगळं तेल अशुद्ध ठरेल. ज्या बायकांनी ते चेहऱ्याला चोपडलं, त्यांच्या सुरकुत्या कशाने गेल्या म्हणून सांगणार? आणि ते राहू द्या. तुमची पीएचडी कशावर आहे?"

दानिराची पीएचडी त्या बुटक्या शिखरावरच होती.

प्रश्न समितीकडे गेला. समितीचं मत पडलं, की तेल अशुद्ध नसून अपूर्ण आहे, आणि अपूर्ण गोष्ट पूर्ण करणं हे शासनाचं कर्तव्यच आहे. सबब उणा घटक बाहेरून पुरवावा. पण कुणाच्या घरची लोझा घालायची? प्रत्येक सदस्याला आपल्या घरचीच तेवढी निर्भेळ वाटत होती. तेव्हा कातडी पिशवीत मुरवलेलं चीज आणि धुरावलेलं मांस मागवून शास्त्रीय चाचणी घेण्यात आली. निष्कर्ष डळमळीत आले, सदस्यही. अखेर अध्यक्षांची लोझा एकमताने सर्वोत्कृष्ट ठरली, कारण बाकीच्यांच्या बाटल्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या.

पिंपात ती घालण्याचं काम दानिराकडे आलं. आंजाकाकू समोर उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्या तेलात दारू ओतणार, आणि मग त्याला शुद्ध म्हणणार?"

"हो, काकू."

"आणि नाही ओतली तर?"

"सगळं तेल गटारात जाईल."

"मग ओत बाई. पण तुला लाज वाटते का, तेवढं सांग."

"वाटते," दानिरा म्हणाली. खरंच वाटत होती. तिने लोझा ओतली, यंत्राने बुटकं शिखर काढलं, आणि 'शंभर टक्के शुद्ध, कोणताही बाह्य पदार्थ नाही' या ओळीखाली तिने सुवाच्य सही केली. पुढच्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: बाटल्या पाण्याने धुणे ही यापुढे भेसळ समजण्यात येईल. ते गावोगाव समजावून सांगायला पुन्हा दानिराच गेली, आणि तिने फार छान समजावलं.

काकूंनी मात्र लोझा पडण्याआधी एक बाटली बाजूला काढून ठेवली होती. शरदातल्या जत्रेत त्यांनी ती केंद्राच्या शिक्क्याच्या बाटल्यांशेजारी मांडली. राजधानीहून आलेल्या एका बाईंनी आधी ती हुंगली आणि नाक मुरडलं. मग शिक्क्याची हुंगली आणि डोळे मिटले. "हा खरा रानाचा वास! ती दुसरी काढून टाका हो, लोकांना कशाला फसवता?" काकूंनी काढून टाकली.

तुमच्याही आरशापुढे अशी एखादी बाटली असेल. बूच काढून पाहा. गोडसर, किंचित डोक्यात जाणारा वास आला, तर निर्धास्त राहा, प्रमाणपत्र अस्सल आहे. आणि चुकून कधी नुसत्या फुलाचा वास आलाच, तर तुम्ही काय कराल हे केंद्राला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तक्रारीचा पत्ता त्यांनी बाटलीवर ठळक छापला आहे.