कुंपणाच्या उंचीबाबत

आमच्या घरापुढचे झुडपांचे कुंपण साडेसात फूट उंच झाले आहे, ही गोष्ट आईने एका सकाळी रीतसर जाहीर केली. तिची खुर्ची खिडकीशी असते. गेली अकरा वर्षे तिथे बसून ती रस्त्याची देखरेख करत आली आहे. कोण कुठे निघाले, कुणाचे कुणाशी बिनसले, कुणाकडे नवा सोफा आला, सगळे तिला तोंडपाठ. आता खिडकीतून नुसती पाने दिसत होती. आई दिवसभर गप्प राहू लागली. मला खरोखर भीती वाटली, कारण गप्प बसलेली आई मी कधी पाहिलीच नव्हती.

माळ्याला बोलावले. त्याने टेप लावली आणि कात्री परत पिशवीत ठेवली.

"पाच फुटांच्या वर गेलं की ते कुंपण नाही, वृक्ष. परवानगी लागेल."

"आणि पाच फुटांच्या खाली?"

"मग काही लागत नाही. खुशाल कापा."

"मग कापून पाच फुटांवर आण की!"

"आणतो ना. परवानगी दाखवा."

उद्यान विभागात तीन प्रतींत अर्ज केला. पाहणीला आलेल्या निरीक्षकांना घरच सापडले नाही, कारण घराचा नंबर कुंपणाआड गेला होता. "सदर ठिकाणी वास्तू आढळून आली नाही" असा शेरा मारून ते परतले. दुसऱ्या खेपेला मी नंबराची पाटी गळ्यात अडकवून रस्त्यावर उभा राहिलो. निरीक्षकांनी आधी माझी उंची नोंदवली, मग कुंपणाची.

त्यानंतर हरकती मागवण्यात आल्या. एकशे बेचाळीस आल्या. ज्यांनी हे कुंपण जन्मात पाहिले नव्हते, त्यांचाही त्यात जीव गुंतलेला निघाला.

"सत्ताविसावी हरकत तुमची आहे," अधिकारी म्हणाले.

"माझी? अहो, अर्जदार मी आहे!"

त्यांनी कागद पुढे केला. सही माझीच होती. मागच्या आठवड्यात बाजारात एक हसतमुख बाई उभ्या होत्या. 'हिरवाई वाचवा' म्हणाल्या. पुढचे चौघे सही करत होते, म्हणून मीही केली आणि त्यांनी दिलेला बिल्ला छातीवर लावून ऐटीत घरी आलो. तो आताही माझ्या खिशावर होता. अधिकारी त्याच्याकडेच बघत होते.

सुनावणीत मला दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसावे लागले. अर्जदार म्हणून मी आईबद्दल बोललो. हरकतदार म्हणून गप्प राहणार होतो, पण "बाजू मांडावीच लागेल" असे बजावल्यावर पक्षी, सावली, पुढच्या पिढ्या, सुचेल ते बोललो. टाळ्या पडल्या. "हरकतदाराची तळमळ अधिक दिसून येते," असा निकाल लागला.

घरी येऊन आईला सगळे सांगितले.

"कागद वाचला नाहीस?"

"सगळेच सही करत होते गं."

आईने माझ्याकडे नीट पाहिले. "सगळेच? मग माझी खुर्ची बाहेर ने. आणि एक वही दे."

आठवडाभर ती कुंपणाबाहेर फुटपाथवर बसली. आपण वाचवलेले कुंपण बघायला हरकतदार येतच होते. आई हाक मारायची, तब्येत विचारायची आणि वही पुढे करायची. किती दिवसांनी तिचा आवाज रस्त्यावर घुमत होता! मला फार बरे वाटले. दोनशे सहा सह्या झाल्या. त्यात एकूण एक हरकतदार होते, माझ्यासकट. वरचा मजकूर एकानेही वाचला नाही. अधिकाऱ्यांनी सह्या मोजल्या आणि शेवटी मंजुरीची आपली सही ठोकली, तीही न वाचताच.

मजकूर असा होता: "आम्ही खाली सही करणारे आमची हरकत असल्यास ती मागे घेत असून, येत्या रविवारी सकाळी सात वाजता सदर कुंपण स्वतःच्या हाताने कापून देऊ."

हसा, हसा. एकशे अकरावी सही तुमची आहे. आई म्हणते, चेहरा लक्षात आहे. घाईत होतात, पण सही मात्र झोकदार केलीत. येताना कात्री घरूनच आणा.