घरून एक पाप आणा

सहा-सात वर्षांच्या पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, त्यात अवघड ते काय? आत्याचा पाय मुरगळला तेव्हा मी छाती फुगवून हेच म्हणालो. चर्चमधला मुलांचा वर्ग म्हणजे आत्याचा जीव. तिने बजावलं, "शनिवारी पोरांचा पहिला पापस्वीकार आहे, एकेकाने आत जाऊन फादरांपाशी आपली पापं कबूल करायची. तो बिघडला आणि फादरांनी वर्ग दुसऱ्या कुणाला दिला, तर माझ्याशी गाठ आहे."

पहिल्याच तासाला माझं डोकं फिरलं. कोणी काय पाप केलं, असं विचारलं. कोणीच काही केलं नव्हतं. शेजारणीला चावणाऱ्याचं म्हणणं, ती आधी चावली. बाकाखाली चघळलेलं च्युइंगम चिकटवणारा तर डोळे मिटून प्रार्थनेलाच लागला. अख्ख्या खोलीत संतच संत, पापी एकटा मी! तासभर समजावून माझा घसा गेला, पाठोपाठ अक्कलही. मी ओरडलो, "पाप नाही तर पापस्वीकार नाही! शनिवारी प्रत्येकाने घरून एक तरी पाप आणायचं!"

मला म्हणायचं होतं, आठवून आणा. पोरांना तो गृहपाठ वाटला, आणि त्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा मन लावून केला.

शनिवारी दारात पालकांचा मोर्चा. शिंप्याच्या पोराने गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापली होती. एका आजोबांची कवळी कुत्र्याच्या तोंडात सापडली होती. ती त्याला नीट बसते, याचाच सुनेला जास्त संताप. शिंपी कात्री घेऊनच आला होता. म्हणाला, "मास्तर, हात पुढे करा, माप घेतो."

खूश होती फक्त दोन वेण्यांवाली. तिच्याकडे तीन पापं होती, आणि रिकाम्या हाताने आलेल्या मैत्रिणीला त्यातलं एक द्यायची तयारी होती. तिसरं कुठलं, मी विचारलं.

"फादरांचा चष्मा दारातल्या कुंडीत पुरला."

मी कुंडीकडे धावलो. तोवर मागे पापस्वीकाराला तिचा नंबर लागून ती आत गेली होती.

फादर बाहेर आले ते लालबुंद. पण कबुलीत ऐकलेलं त्यांना कुणापाशी बोलता येत नाही, त्यावरून कुणाला झापताही येत नाही. शिट्टी दाबून धरलेल्या कुकरसारखे ते थरथरत उभे राहिले. मी चष्मा शर्टाला पुसून दिला. तो लावून त्यांनी मातीआडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पालकांकडे आणि लंगडत आलेल्या आत्याकडे वळून, दातावर दात दाबत म्हणाले, "इतक्या तयारीची मुलं मी आजवर पाहिली नाहीत. यापुढे हा वर्ग कायमचा ह्याच्याकडे."

आत्याला वर्ग हवा होता, मला नको होता. एका वाक्यात दोघांचं प्रायश्चित्त!

आत्या तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. परवा पापस्वीकाराला गेली ती तासभर बाहेरच आली नाही. एवढी पापं तिच्याकडे नाहीत. माझीच सांगत असणार.