तपासनीस मल्लाप्पाकाका

“तुमच्या पोरीत चीर हाय,” शेजारचे मल्लाप्पाकाका ओसरीवर अण्णांना सांगत होते. “दिसाया झ्याक, शिकल्याली. पर वाजत न्हाय.”

मी दाराआड होते. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून उमरग्याला परतून महिना झाला होता आणि घराबाहेर मी चार वाक्यंही बोलले नव्हते.

जर्मनीच्या लढाईच्या काळात काका इंग्रजी मुलखात, पुण्याकडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. रणगाड्याचं पोलाद फोडणारे गोळे ते हातोडीनं वाजवून पारखायचे. “टोक कडक पायजे. पर लई कडक झालं की टँकावर आपटून आपणच फुटतं. आन् आत केसाएवढी चीर आसली, तर संपलंच.”

लढाई संपली, काका परतले. हातोडी खिशातच राहिली. कुंभाराची घागर, वाण्याचं वजन, महादेवाची घंटा, सगळं वाजवून ते कान लावायचे. “खात्री काय?” पुतण्याच्या साखरपुड्यात व्याह्यांनी दिलेलं चांदीचं ताट त्यांनी भर पंगतीत वाजवलं. सोयरीक मोडता मोडता राहिली.

एका दुपारी अण्णा बाजारात गेलेले बघून ते आले. मला संशयच आला, आता मलाच वाजवून बघतात की काय.

“इंग्रजीत एक कागद लिव, माय.”

कारखान्याला विचारायचं होतं : अमुक खुणेचे गोळे कुठं गेले? बायको वारल्याची तार आली, त्या दिवशीही काका कामावर उभे राहून तेच गोळे पारखत होते.

“हातोडी मारली. कानात कायच आलं न्हाय. तरी म्या शिक्का मारला. तोफंमागं बसल्यालं कुणाचं तरी लेकरू माझ्या शिक्क्यावर भरवसा ठिवून आसंल.”

मी लिहिलं, काकांनी टपालात टाकलं. अण्णांना कळलं तेव्हा ते भडकले. “निजामाच्या मुलखातून तोफगोळ्यांची चौकशी? टपालात कागद फोडतात! पोलिसांचे अमीनसाहेब दारात येतील. पुन्हा एक अक्षर लिहायचं नाही.”

दोन महिन्यांनी काका कारखान्याचा बंद लखोटा घेऊन ओसरीवर आले. अण्णा समोरच बसले होते.

“लिवलंय त्येच वाच.”

दोनच ओळी होत्या : ही माहिती देता येत नाही. मी तेवढंच सांगितलं.

 काका पागोटं सारखं करून उठले. “बरं. येतो.”

अण्णांनी कागदासाठी माझ्यापुढं हात केला. मी तो दिला नाही.

“थांबा काका,” मी म्हणाले. “दौत आणते. आपण पुन्हा लिहू.”