बघ्याला सक्ती नाही

पाकीटमाराला पाय आडवा घालून पाडल्यापासून घड्याळवाल्याचा भाव असा वधारला होता, की समोरच्या शिंप्याला त्याची पाटी बघितली तरी पोटात दुखायचं. पेपरात फोटो आला, गल्लीनं सत्कार केला. शिंप्याच्या बायकोनं तर चांगलं चालणारं घड्याळ दुरुस्तीला नेलं!

एका दुपारी घड्याळवाला दुकान उघडंच टाकून जेवायला गेला. "माझ्या वाटेला कोण चोर जातोय!" असं तो हल्ली म्हणायचा. शिंपी वकिलांच्या कोटाचं माप घेत होता. वकील आरशाकडे तोंड करून, हात पसरून उभे होते. तेवढ्यात समोर एक काटकुळा माणूस इकडेतिकडे बघत आत शिरला आणि लंबकाचं मोठं घड्याळ छातीशी कवटाळून बाहेर आला.

शिंप्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बाहेर लावलेल्या त्याच्या सायकलवर घड्याळ काही राहीना. चोर सरळ शिंप्याच्या दारात आला. "मास्तर, बांधायला काही मिळेल का?"

शिंप्यानं कापडाची लांब पट्टी दिली. वर हळूच म्हणाला, "गाठ घट्ट मार."

मग निवांतपणे त्यानं विचारलं, "वकीलसाहेब, चोरी होताना दिसली तर अडवायलाच पाहिजे, असा कायदा आहे का हो?"

"नाही बुवा. नुसत्या बघ्याला तशी सक्ती नाही. लाज वाटली तर वाटली."

"ती नाही वाटत."

"पण जाणूनबुजून चोराला मदत केली, तर तोही गुन्हेगार. साधी दोरी दिली तरी!"

"आणि... पट्टी दिली तर?"

उत्तराला शिंपी थांबलाच नाही. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, असा तो धावत सुटला. पट्टीचं लोंबतं टोक हाती लागलं, तसा त्यानं जोरात हिसका दिला. चोर, सायकल, घड्याळ आणि शिंपी एकावर एक कोसळले, घड्याळाची काच फुटली. गल्ली जमली. "शाब्बास मास्तर!" कुणीतरी ओरडलं. शिंप्यानं टाचण्या थुंकल्या आणि फोटोसाठी केस नीट केले.

एवढ्यात घड्याळवाला खरकट्या हातानं धावत आला. चोर त्याच्या पाया पडला. "दोन दिवस उपाशी आहे हो."

घड्याळवाल्यानं त्याला उठवून पोटाशी धरलं. "जाऊ द्या याला. काच काय, नवी बसेल." गल्लीचे डोळे पाणावले. फोटो निघाला.

"मास्तर, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय," फोटो काढणारा म्हणाला.

शिंप्याची बायको लगबगीनं चहा घेऊन आली. एक कप घड्याळवाल्याला, एक चोराला.

"आणि मला?" गुडघा चोळत शिंपी म्हणाला.

"अहो, तुम्ही काय, घरचेच की!"