तेरा की सतरा

आमच्या शेजारच्या गांगुर्डे भाऊसाहेबांकडे रिकाम्या हाताने गेलं तर पाणीसुद्धा मिळायचं नाही. मेलेला साप घेऊन गेलं की चहा मिळायचा. पंचाहत्तरच्या सुमाराला नाशिकरोडच्या आमच्या सरकारी कॉलनीत ही गोष्ट दूधवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

दिवसभर ते कचेरीत आवक-जावक बघायचे आणि संध्याकाळी साप. त्यांच्या फळीवरच्या बरण्यांत लोणचं कुठलं आणि नाग कुठला, हे फक्त त्यांना आणि सुमनवहिनींना कळायचं. माझ्या आईने त्या घरचं लोणचं जन्मात तोंडाला लावलं नाही. रंग बघून सापाची जात सांगणाऱ्यांचा भाऊसाहेबांना मनापासून राग. विचारायचे, "खवले मोजले का?" मी मुलगी बघून आलो आणि पसंत आहे म्हणालो, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

मोजायची रीत ठरलेली होती. आधी भाऊसाहेब भिंगातून मोजणार, मग वहिनी. दोघांचा आकडा जुळला तरच वहीत जात लिहायची. वहिनी पेठकडच्या, शिकलेल्या चौथीपर्यंत, पण तांदळातला खडा त्यांना उभ्यानेच दिसायचा.

एक साप मात्र जुळेना. वहिनींनीच तो माहेराहून आणला होता. सुतळीएवढा, काळ्या डोक्याचा, शेपटीवर काठी बसलेला, रंग उडालेला. अंगाभोवती खवल्यांच्या सतरा रांगा भरल्या तर तो साधा काळडोक्या. तेरा भरल्या तर पोवळा, म्हणजे भाऊसाहेब ज्याच्यासाठी वीस वर्षं झुरत होते तो दुर्मिळ साप.

भाऊसाहेब म्हणाले सतरा. वहिनी म्हणाल्या, "तेराच हायेत. तुम्ही आधी चष्मा करा." चष्मा म्हणजे म्हातारपण, असं भाऊसाहेबांचं ठाम मत होतं. पंधरा दिवस भांडण चाललं. भिंतीपलीकडून आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. वहीत दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहिलेले राहिले, जातीची जागा कोरी.

त्यातच वहिनी चार दिवसांच्या तापाने गेल्या. महिन्याभराने भाऊसाहेबांनी मुकाट्याने चष्मा केला. दुसऱ्यांदा मोजायला माझी नेमणूक झाली.

दोन-तीन वर्षांनी एकदा ते स्टोव्हला पंप मारत होते. मी सहज त्या सापाची बरणी फळीवरून खाली काढली आणि मोजलं. तीनदा मोजलं. तिथूनच ओरडून सांगितलं की तेरा आहेत, वहिनींचं बरोबर होतं, आता वहीत पोवळा लिहून टाका.

भाऊसाहेब कप घेऊन आले. बरणी माझ्या हातातून काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली.

"माहितेय. चष्मा आला त्याच दिवशी मोजलं मी."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं की भांडण मिटलं," ते म्हणाले. "तिचं-माझं तेवढंच चालू आहे आता."

भाऊसाहेबांनी बरणी पुन्हा माझ्यापुढे ठेवली, चष्मा काढून खिशात घातला आणि दरडावून म्हणाले, "नीट मोजा. सतराच आहेत."

मी भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.